पैसे डब्यात घाल, आयसीत नको

तू पाठवलेली फोनो प्रीॲम्पच्या पार्ट्सची यादी बारकाईनं वाचली. यादीत सगळ्यात महाग आयसी आणि सगळ्यात स्वस्त डबा. हे उलटं कर. आयसी साधी एनई५५३२ घे, डबा मात्र चांगला जाड लोखंडी पत्र्याचा. का, ते सांगतो.

तुझ्या टर्नटेबलची कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट जातीची आहे. ती बिचारी देऊन देऊन देते किती, तर तीन ते पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेयर दोन व्होल्ट देतो. आणि ज्या भिंतीला टेकून तू हे सगळं मांडणार, त्या भिंतीतून २३० व्होल्ट धावतायत, म्हणजे तुझ्या सिग्नलच्या पन्नास हजार पटींहून जास्त. त्यातला एक कण जरी आत शिरला तरी माणिक वर्मांच्या मागे रोहित्र गायला लागतं.

वर आणखी एक गंमत आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर मुद्दाम उचलतात. खर्ज आहे तसा कापला तर खाच इतकी डुलते की शेजारच्या खाचेत घुसते. वरचे सूर उचलले नाहीत तर ते तबकडीच्या खरखरीत बुडतात. वाजवताना प्रीॲम्पनं बरोबर उलटं करायचं असतं : खर्ज उचलायचा, वरचं दाबायचं. याचं ठरलेलं माप म्हणजे आरआयएए कर्व्ह, १९५४ पासूनचा. आता हिशेब बघ. १००० हर्ट्झच्या सुराच्या मानानं ५० हर्ट्झचा सूर हा कर्व्ह सातपट वाढवतो. आणि आपल्या विजेची वारंवारता किती? ५०. म्हणजे ज्या सुरात घरघर येते, नेमका तोच सूर तुझं सर्किट प्रामाणिकपणे सातपट मोठा करून देणार. सर्किटचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. म्हणून सांगतो, फोनो प्रीॲम्प चांगला की वाईट हे आयसीत ठरत नाही. डबा, ट्रान्सफॉर्मरची जागा आणि अर्थिंग, इथे ठरतं.

डबा निवडताना खिशात लोहचुंबक ठेव. ॲल्युमिनियमचा डबा दिसायला देखणा, ड्रिलिंगला सोपा, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला तो अडवत नाही. स्वयंपाकघरातले स्टीलचे डबेही बहुतेक चुंबकाला दाद देत नाहीत, ते बाद. चुंबक घट्ट चिकटला पाहिजे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा यात उत्तम. त्याच्यावर सोल्डरसुद्धा नीट बसतं, फक्त रंग खरवडून घे. आईला विचारून घे.

ट्रान्सफॉर्मर त्या डब्यात ठेवूच नकोस. वेगळ्या छोट्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि दोन मोठे कपॅसिटर. तिथून तीन तारांची दीड-दोन हात लांब केबल प्रीॲम्पकडे : प्लस, मायनस, ग्राउंड. यात दोन फायदे. घरघर निम्मी तिथेच मेली, आणि जिथे तू सारखी बोटं घालणार त्या डब्यात २३० व्होल्ट नाहीत. पहिल्यांदाच करणाऱ्यानं दुसरा फायदा पहिला मानावा.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घे, अर्ध्या ॲम्पिअरचा खूप झाला. त्यावर ७८१५ आणि ७९१५ लावावेत असं बहुतेक आकृत्यांत असतं. मी ७८१२ आणि ७९१२ लावतो. कारण तू राहतेस त्या भागात संध्याकाळी व्होल्टेज किती खाली येतं ते मला माहीत आहे. रेग्युलेटरला आत-बाहेर दोन-तीन व्होल्टचं अंतर लागतं. ते संपलं की तो रेग्युलेटर राहत नाही, नुसती तार होतो, आणि १०० हर्ट्झची बोंब सरळ सर्किटमध्ये. १५ व्होल्टचे रेक्टिफायरनंतर साधारण वीस होतात. बारासाठी ते भरपूर आहेत. एनई५५३२ ला बारावर काहीही कमी पडत नाही. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे. २५ व्होल्टचे स्वस्त पडतात म्हणून घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र पाठ कर : ७८१२ आणि ७९१२ दिसायला जुळे, पायांचा क्रम वेगळा. ७८१२ ला छापील बाजू समोर धरून डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७८१२ च्या मागचा पत्रा ग्राउंडला असतो, ७९१२ चा इनपुटला. दोन्ही एकाच डब्याला स्क्रूनं आवळलेस तर मायनस बाजू थेट शॉर्ट. इथे इतका कमी करंट आहे की हीटसिंक लागतच नाही, तेव्हा दोघांनाही उभे, मोकळे सोड.

पहिल्यांदा करंट देताना सिरीज बोर्ड वापर. तुझ्या आजोबांचा आहे माळ्यावर, ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याचा. दिवा क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटून राहिला तर लगेच बंद कर आणि जोडण्या बघ. आयसी त्या वेळी बेसमध्ये नसावीच. आधी रिकाम्या बेसवर मीटर लाव. ८ नंबरच्या पायाला प्लस बारा, ४ नंबरला मायनस बारा दिसले, की बंद करून मगच आयसी बसव. खाचेची बाजू बघून.

आयसीबद्दल एवढंच. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पासोड्या विठोबापाशी, 'ओरिजिनल आहे का' असं विचारू नकोस. 'नाही' म्हणणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. चार घेऊन ये आणि मीटर करंटवर लावून एकेक तपास. खरी ५५३२ साधारण आठ मिलिॲम्पिअर खाते. दोन-तीनच खात असेल तर वरचा शिक्का ५५३२ चा आणि आत ४५५८ किंवा तसलंच काहीतरी. टीएल०७२ चांगली आयसी आहे, टोन कंट्रोलला मी तीच वापरतो, पण या पहिल्या पायरीवर तिची सळसळ जास्त. ७४१ घरात पडून आहे म्हणून लावू नकोस, ती दुसऱ्या कामांची. हजार-हजार रुपयांच्या ज्या आयसी तू पाहिल्यास त्यांचे पाय ५५३२ सारखेच आहेत. बेस लावलेला आहे, उद्या मन झालं तर बदल. आज नको.

आता सर्किटचा गाभा. आरआयएएच्या तीन वेळा असतात : ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. रेझिस्टर गुणिले कपॅसिटर केलं की वेळ मिळते, यात जादू काही नाही. आकृत्यांमध्ये तीन-चार वेगवेगळ्या किमतींचे कपॅसिटर असतात आणि त्यातला एक हमखास बाजारात मिळत नाही. मी सगळं एका किमतीवर आणून ठेवलंय : ३३ नॅनोफॅरड, ज्यावर ३३३ छापलेलं असतं. पहिल्या आयसीच्या फीडबॅकमध्ये ९१के आणि ५.६के सिरीजमध्ये, त्या जोडीला समांतर एक ३३३. याच्याशी सिरीजमध्ये १०के आणि ४७० ओहम. तिथून, म्हणजे आयसीच्या मायनस इनपुटपासून, २२० ओहम आणि २२० मायक्रोफॅरडमधून ग्राउंडला. झाल्या पहिल्या दोन वेळा. तिसरी आयसीच्या बाहेर : २.२के आणि ६८ ओहम सिरीजमध्ये, पुढे दुसरा ३३३ ग्राउंडला. मग आयसीचा दुसरा अर्धा भाग, २.२के आणि १के लावून तिप्पट वाढीचा, नॉन-इन्व्हर्टिंगच. इन्व्हर्टिंग केलास तर त्याचा इनपुट रेझिस्टर त्या तिसऱ्या वेळेचं गणित बिघडवतो. एकूण वाढ साधारण दीडशेपट. चार मिलिव्होल्टचे सहाशे होतात, कुठल्याही ॲम्प्लिफायरला पुरेसे.

तो २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गाळायचा मोह होईल, होऊ देऊ नकोस. तो नसेल तर डीसीसुद्धा जवळजवळ पाचशेपट वाढतो आणि आउटपुटला गाण्याआधी व्होल्ट येऊन बसतात.

३३३ डझनभर आण, पॉलिएस्टरचे चालतील, पॉलिप्रॉपिलीनचे मिळाले तर छान. सिरॅमिक डिस्क या जागी नकोत. त्या तापमानाबरोबर बदलतात, व्होल्टेजबरोबर बदलतात, आणि काहींना टिचकी मारली तर स्पीकरमधून आवाज येतो. डझनातून मीटरवर मोजून एकमेकांना सर्वांत जवळचे चार निवड. ते नेमके ३३ असण्यापेक्षा चौघं सारखे असणं महत्त्वाचं. दोन्ही कपॅसिटर सारखेच दोन टक्के वर असले तर कर्व्ह अख्खा किंचित सरकतो, कुणाच्या कानाला कळणार नाही. पण डावा वर आणि उजवा खाली असेल तर गायकाचा आवाज काही पट्ट्यांत मधोमध राहतो आणि काहींत एका बाजूला झुकतो. रेझिस्टर निळे, एक टक्क्याचे, मेटल फिल्म. त्यांना मोजत बसायची गरज नाही.

इनपुटला ४७के ग्राउंडला, कारण कार्ट्रिज बनवणारे तेच धरून चालतात. केबल छोटी ठेव. लांब शील्डेड केबलची कपॅसिटी कार्ट्रिजच्या कॉइलशी मिळून वरच्या पट्टीत एक टेकाड उभं करते, आणि मग लोक म्हणतात सुई खराब आहे.

प्रत्येक आयसीच्या पायांशी, अगदी टेकून, १०४ चे दोन सिरॅमिक, प्लसकडून एक, मायनसकडून एक. इथे सिरॅमिकच हवेत. झिरो पीसीबीवर तारा लांब असतात, हे नसले तर आयसी ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच वाजत बसते. गाणं तेव्हा घसा बसल्यासारखं येतं आणि आयसी नेहमीपेक्षा तापते. आउटपुटला १०० ओहम सिरीजमध्ये, याच कारणासाठी.

सोल्डरिंगचं तुला वेगळं शिकवायला नको. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची तार, ॲसिडवाली पेस्ट नाही. जोड गार होताना हलवू नकोस, फुंकर मारू नकोस. निम्म्या 'बिघडलेल्या आयसी' म्हणजे ड्राय सोल्डर.

अर्थिंगला मात्र वेळ दे, बाकी सगळ्याला मिळून देशील तेवढा. बोर्डावर एकच जागा ठरव. तिथे सप्लायचं ग्राउंड, दोन्ही इनपुटची ग्राउंड, दोन्ही आउटपुटची ग्राउंड अशा वेगवेगळ्या तारा येऊन मिळाल्या पाहिजेत. एका तारेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी माळ करू नकोस. त्या माळेतून सप्लायचा करंट वाहतो आणि वाटेत जो मिलिव्होल्टचा अंश पडतो तो सिग्नलमध्ये मिसळतो. चार मिलिव्होल्टमध्ये एक मिलिव्होल्ट म्हणजे किती, ते तूच बघ. आरसीए सॉकेट डब्यापासून प्लास्टिकच्या वॉशरनं वेगळे ठेव. डबा त्या एका जागेला एकदाच जोड, दहा ओहममधून. टर्नटेबलमधून एक बारीक सुटी तार येते, टोकाला काट्यासारखा लग असलेली. तिच्यासाठी डब्यावर वेगळा स्क्रू ठेव. ती लोंबकळत सोडून लोक महिनोन्महिने हमिंग ऐकत बसतात.

ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला मात्र भिंतीतली तिसरी तार थेट, कसलाही ओहम मध्ये न घालता. हमिंग जातं म्हणून कुणी तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढायला सांगेल. ऐकू नकोस, मग तो कितीही अनुभवी असो. जुन्या वाड्यात राहत असशील तर आधी वायरमनकडून अर्थिंग आहे का ते बघून घे. सॉकेटला तिसरं भोक असणं म्हणजे मागे तार असणं नव्हे.

इतकं करूनही पहिल्या दिवशी हमिंग येणारच. तेव्हा आयसी उपटायला धावू नकोस. दोन आरसीए पिना घेऊन आतल्या आत शॉर्ट करून ठेव, हा तुझा स्टेथोस्कोप. टर्नटेबलच्या केबल काढून त्या लाव. हमिंग गेलं तर ते बाहेरून येतंय : केबल, टर्नटेबल, ती बारीक तार. राहिलं तर आत आहे. मग सूर ओळख. गोल, खालचा, डोक्यात घुमणारा असेल तर ५० हर्ट्झ : ट्रान्सफॉर्मर जवळ आहे किंवा अर्थिंगचा फेरा झालाय. ट्रान्सफॉर्मरचा डबा हातभर लांब नेऊन बघ, नव्वद अंशांत फिरवून बघ. कडेला दात असलेला, बुर्रर्र असा असेल तर १००, म्हणजे रेक्टिफायर आणि सप्लाय. तू गाणं शिकतेस, तुला हे मीटरशिवाय जमेल. काळी एक लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या वर हा १०० चा सूर तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मधोमध कुठेतरी पडतो, ना इकडचा ना तिकडचा. म्हणूनच भीमसेनांच्या संथ आलापात तो इतका छळतो, आणि ऑर्केस्ट्रात कुणाला कळतही नाही.

घरघर कधी येते तेही लिहून ठेव. फक्त पंखा चालू असताना? मग तो डिमरसारखा रेग्युलेटर. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर? स्वस्त इन्व्हर्टर सरळ उभ्या भिंतीची वेव्ह देतात. त्यावर घरातला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर कण्हतो, तुझं सर्किट निर्दोष आहे. टक-टक-टक-टर्रर्र असं आलं आणि मग फोन वाजला? इनपुटला १के सिरीजमध्ये आणि १०० पिकोफॅरड ग्राउंडला लाव. आकाशवाणी मधूनच ऐकू येत असेल तर औषध तेच.

एवढं झाल्यावर व्हॉल्यूम कंट्रोल. डबल पॉट, ए५०के, म्हणजे लॉग. बी, म्हणजे लिनियर, घेतलास तर पाव फेऱ्यातच आवाज सगळा येऊन जातो. लॉग मिळाला नाही तर बी१००के घे आणि मधल्या पायापासून ग्राउंडला १०के ते १५के लाव, चाल बरीचशी लॉगसारखी होते. माझ्या मते स्वस्त लॉगपेक्षा हे बरं, कारण स्वस्त लॉगचे डावे-उजवे कमी आवाजात जुळत नाहीत. पॉटच्या आधी १० मायक्रोफॅरड विसरू नकोस. पॉटवर डीसी पोचला की फिरवताना खर्रर्र सुरू होतं आणि लोक पॉट बदलत बसतात. चालू करताना आधी प्रीॲम्प, मग ॲम्प्लिफायर, बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरचा कोन दणका खातो.

आता फेरफार. मला माहीत आहे, खरा रस तुला त्यातच आहे. बदल एका वेळी एकच, आणि तोही एकाच चॅनेलमध्ये. डावा जुना, उजवा नवा. मग एखादी मोनो रेकॉर्ड लाव, आपल्या घरातली साठच्या दशकातली बरीचशी मोनोच आहेत, आणि ॲम्प्लिफायरचा बॅलन्स एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्ही बाजूंना तेच गाणं, त्याच क्षणी. आठवणीवर काही सोडायचं नाही. बॅलन्सचं बटण दुसऱ्या कुणाला तरी फिरवू दे आणि तू पाठ करून बस. आवाजाची उंची दोन्हीकडे सारखी आहे ना, हे आधी मीटरनं बघ. एक डेसिबलनं मोठं असलेलं कानाला 'जास्त मोकळं', 'जास्त खुलं' वाटतं, आणि त्या एका डेसिबलवर जगात पुष्कळ महाग वस्तू विकल्या गेल्या आहेत. अशा चाचणीत कपॅसिटरची कंपनी बदलल्याचा फरक मला आजवर ऐकू आलेला नाही. तुला आला तर मला बोलाव, मी बटण फिरवतो.

हीच मोनो रेकॉर्ड तुझी पहिली परीक्षाही आहे. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे, तारसप्तकातही आणि मंद्रातही. राहिला तर ३३३ नीट निवडलेस.

वाकलेल्या रेकॉर्डींवर वूफर बाहेर-आत डुलताना दिसेल, आवाज नसताना. मिनिटाला तेहतीस फेरे म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून जरा जास्त, तोच तो हेलकावा, कर्व्हनं उचललेला. पॉटच्या आधीचा तो १० चा कपॅसिटर काढून ०.३३ लाव. पॉट ए५०के असेल तर साधारण दहा हर्ट्झच्या खालचं हळूहळू गळतं, तबल्याच्या डग्ग्याला धक्का लागत नाही.

लाखेच्या ७८ च्या तबकड्या याच डब्यावर वाजवशील, वाजव, पण एलपीच्या सुईनं नको. त्यांची खाच तिप्पट-चौपट रुंद असते, सुई वेगळी मिळते, ती घे. आणि त्या बहुतेक १९५४ च्या आधीच्या, त्यांचे वरचे सूर कापताना असे उचललेले नाहीत. आरआयएए त्यांना विनाकारण दाबून घुसमटवतो. त्यासाठी ट्रेबल थोडा वर कर, किंवा तो बाहेरचा, तिसऱ्या वेळेचा ३३३ काढून टाकायला एक छोटा स्विच ठेव. खरखर वाढेल, पण बालगंधर्वांचा आवाज पडद्याच्या अलीकडे येईल.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं तू शेवटी विचारलं आहेस. ती अर्धा मिलिव्होल्टसुद्धा पुरता देत नाही, या डब्याच्या आधी आणखी दहापट वाढवणारी वेगळी पायरी लागते, आणि तिथे ५५३२ ची सळसळ ऐकू येते. आधी हा डबा शॉर्ट पिनांवर पूर्ण व्हॉल्यूमला गप्प बसू दे, मग त्या पायरीचा कागद देतो.